कादंबरीचा आराखडा होत नाही, आणि गोळ्यांनी लिहिणं जाईल ही भीती

टी-स्क्वेअर (ठाणे), रविवार, रात्री ११.४०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. प्रश्न दोन आहेत, पण ते एकमेकांत असे अडकलेत की सुटे करून विचारता येत नाहीत.

मी वागळे इस्टेटमध्ये ड्राफ्ट्समन आहे. तीस वर्षं झाली. सुरुवात बोर्डवर झाली: ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन, चुकलं की ब्लेडने हलकेच खरवडायचं. अमोनिया प्रिंटच्या वासाने डोळ्यांना पाणी यायचं. आता सगळं ऑटोकॅडवर, पण पद्धत तीच. आधी जनरल अरेंजमेंट (जीए), म्हणजे अख्खं यंत्र एका शीटवर. मग सेक्शन. मग एकेक सुटा भाग. जीए पास झाल्याशिवाय डिटेलला हात लावायचा नाही, हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं आणि मी पुढे कितीतरी पोरांना शिकवलं.

आणि सहा वर्षं मी अशी कादंबरी लिहितोय जिचा जीए मला काढता येत नाही. आजवर अकरा आराखडे झाले. शेवटचा तर ए-वन शीटवर, चौतीस प्रकरणं, चौतीस चौकोन, बाण, तारखा. भिंतीवर लावला आणि त्या दिवसापासून एक ओळ सुचली नाही.

कादंबरी माझ्या आत्यावर आहे. बाबांची धाकटी बहीण. नवऱ्याने माहेरी आणून सोडली ती परत गेली नाही. आम्ही तेव्हा कोपरीला चाळीत राहायचो. पेणजवळच्या गावाहून आणलेलं एक छोटं जातं होतं, डाळ भरडायला, भाजणीला. आत्या जात्यावर बसली की ओव्या रचायची. पाठ असलेल्या म्हणायची तशा स्वतःच्याही, तिथल्या तिथे. चौथी शिकलेली, काही ओव्या तिने कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांमागे लिहून ठेवल्यात. ती पानं माझ्याकडे आहेत. १९८१ मध्ये तिला ठाण्याच्या मनोरुग्णालयात दाखल केलं. मी आठ वर्षांचा होतो. बाबा रविवारी भेटायला जायचे, मी फाटकाबाहेर थांबायचो. तिथून गाडीचा आवाज यायचा. त्या दिवसांतली तिची एक ओवी बाबांनी तोंडपाठ करून आणली होती:

रुळाच्या पल्याड, माझ्या माहेराचा दिवा
गाडी जाते भराभरा, निरोप कसा द्यावा

दोन वर्षांनी ती घरी आली. गोळ्या चालू होत्या. शांत झाली होती, घरातलं करायची, मला शाळेत सोडायची. १९९४ मध्ये गेली. पण ओवी परत कधी ऐकू आली नाही. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, "गोळ्यांनी तिचं गाणं खाल्लं."

माझ्या प्रत्येक आराखड्यात एक चौकोन येतो: "आत्याला वेड लागते." कधी आठव्या प्रकरणात, कधी पंधराव्या. तो चौकोन आला की माझा हात थांबतो. ज्यांचं बालपण ठाण्यात गेलंय त्यांना कळेल. महाराष्ट्रात कुठेही गेलो आणि ठाण्याचा म्हटलं की कुणीतरी विचारतोच, "आतले की बाहेरचे?" ते रुग्णालय १९०१ पासून आमच्या गावात आहे आणि तेव्हापासूनच बहुधा "याला ठाण्याला पाठवा" हे वाक्यही. माझ्या घरचं माणूस खरंच आत होतं, त्यामुळे मला त्यावर कधी हसता आलं नाही.

आता दुसरा प्रश्न. गेल्या दिवाळीनंतर अचानक लिहिणं सुटलं. पाच रात्रींत मिळून दहा-बारा तास झोपलो असेन, आणि एकशे चाळीस पानं झाली. आराखडा नाही, काही नाही. वाटायचं, आत्या स्वतः सांगतेय. पहाटे तीनला सहकाऱ्यांना फोन करून पानं वाचून दाखवली. त्यानंतर जो काळोख आला तो दोन महिने गेला नाही. दाढी करायचं बळ नव्हतं. बायकोने मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. बायपोलरचा दुसरा प्रकार म्हणाले, म्हणजे मन कधी चढतं, कधी खोल उतरतं तो आजार. तीन आठवडे झाले, लिथियम चालू आहे. झोप लागते. पण हाताला बारीक कंप आहे, आणि मी ज्या हाताने आयुष्यभर रेघा मारल्या तो हात आहे हा.

त्या पाच रात्री हाच माझा लिहिण्याचा एकमेव मार्ग असेल तर? शुद्धीवर असताना मला आराखडा जमत नाही, आणि जे लिहिलं ते आजारात लिहिलं. गोळ्या माझंही गाणं खातील का? ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी सांगा. धीर देण्यापुरतं काही सांगू नका.

निशाचर, रविवार, रात्री ११.५८

दादा, तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला. मी कविता लिहितो. मला मनापासून वाटतं की आराखडा हे हिशेबाचं काम आहे. व्हॅन गॉग शहाणा असता तर ती चित्रं झाली असती का? ती पाच रात्रींची पानं तुमची खरी कादंबरी आहे. तीत कुणालाही हात घालू देऊ नका, डॉक्टरांनाही नाही.

वाशी पूल, सोमवार, सकाळी ७.१५

निशाचर, तुमची कळकळ कळते, पण हे वाचून कुणी गोळी बंद केली तर ते फार महागात पडेल, म्हणून सविस्तर लिहितो. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो.

व्हॅन गॉग १८८९ च्या मे महिन्यात स्वतःहून सेंट-रेमीच्या रुग्णालयात दाखल झाला. तिथल्या वर्षभरात त्याने दीडशेच्या आसपास चित्रं काढली, हे खरं. पण झटका आला की त्याचं काम बंद पडायचं, कधी कित्येक आठवडे. चित्रं झाली ती मधल्या निवळलेल्या दिवसांत.

टी-स्क्वेअर, तुम्ही माहीत असलेलं सांगा म्हणालात. लेखक आणि मनोविकार यांचा संबंध अगदीच खोटा आहे असं मी म्हणणार नाही. नॅन्सी अँड्रियासन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९८७ मध्ये आयोवाच्या लेखन कार्यशाळेतल्या ३० लेखकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ८० टक्के लेखकांना आयुष्यात कधीतरी भावस्थितीचा विकार होऊन गेला होता. तुलनेसाठी घेतलेल्या ३० जणांत हे प्रमाण ३० टक्के होतं. हा आकडा सगळीकडे फिरतो. पण नमुना अवघा तिसाचा, आणि मुलाखती घेणाऱ्या बाईंना समोर लेखक आहे की दुसरं कुणी, हे आधीच माहीत होतं.

स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या सायमन क्यागा आणि सहकाऱ्यांनी नंतर राष्ट्रीय नोंदींवरून जवळजवळ १२ लाख रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तपासले. सर्जनशील व्यवसायांत एकूण मनोविकार जास्त दिसले नाहीत, बायपोलर सोडून. लेखकांचं मात्र वेगळं निघालं. त्यांच्यात बायपोलर, नैराश्य, व्यसन जास्त, आणि आत्महत्येचा धोका जवळजवळ दीडपट. हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच अभ्यासात एक गोष्ट अशी होती की वाचताना मी थांबलो. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर असलेल्यांचे सख्खे नातेवाईक, जे स्वतः बरे होते, तेही सर्जनशील व्यवसायांत नेहमीपेक्षा जास्त सापडले. म्हणजे जे काही वारशाने येतं त्याला आजाराचीच वाट धरावी लागते असं नाही.

आणि आता तुमच्या पाच रात्री. संगीतकार रॉबर्ट शुमान याची कोणती वर्षं चढाची आणि कोणती उताराची, हे त्याच्या चरित्रावरून ठरवलेलं आहे. १८४० आणि १८४९ या चढाच्या वर्षांत त्याने वीसहून जास्त रचना केल्या. रॉबर्ट वाइसबर्ग यांनी १९९४ मध्ये पाहिलं की त्या वर्षांतल्या रचना अधिक चांगल्या आहेत का. कोणत्या रचनेची किती ध्वनिमुद्रणं निघाली हे माप धरलं. चढाच्या वर्षांत संख्या वाढलेली होती, पण चांगल्या रचनांचं प्रमाण वाढलं नव्हतं.

लिथियमबद्दलही थेट अभ्यास आहे. मोगेन्स शाऊ या डॅनिश मनोविकारतज्ज्ञांनी १९७९ मध्ये लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना विचारलं. १२ जण म्हणाले काम वाढलं, ६ म्हणाले फरक नाही, ६ म्हणाले कमी झालं. त्या शेवटच्या सहांना मी झाकून ठेवत नाही. तुम्ही त्यांतले असू शकता. पण ते तीन आठवड्यांत कळत नाही, आणि तसं वाटलंच तर पर्याय डॉक्टरांपाशी असतात.

एक विचारतो. त्या एकशे चाळीस पानांपैकी किती पानं आज वाचताना टिकतात?

कळव्याची सिस्टर, सोमवार, दुपारी २.३०

दादा, मी एकतीस वर्षं मनोविकार विभागात नर्स होते, आता निवृत्त आहे. मोठं काही लिहिता येत नाही, कामाचं सांगते.

कंप डॉक्टरांना सांगा. पुढच्या तारखेची वाट बघू नका, फोन करा. रक्तातली पातळी तपासतात, मात्रा बदलतात. गोळी आपल्या मनाने सोडायची नाही आणि कमीही करायची नाही. पाणी नीट प्या. आपल्याकडच्या घामाच्या दिवसांत शरीरातलं पाणी कमी झालं की लिथियमची पातळी चढते. जुलाब-उलट्या झाल्या तरी तसंच. मीठ एकदम बंद करू नका. अंगदुखीची गोळी दुकानातून आणून घेऊ नका, काही वेदनाशामकांनी पातळी वाढते. कंप खूप वाढला, तोल जायला लागला, जीभ जड झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि रात्री-अपरात्री फारच जड वाटलं तर १४४१६. सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

आता तुमच्या आत्यांचं. माझ्या अनुभवात नातेवाईक दोनच गोष्टी सांगतात, आजाराने झालं नाहीतर गोळीने झालं. माणूस घरी परत येतो तेव्हा घरात काय काय बदललेलं असतं ते कुणी सांगत नाही, कारण कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं. आमच्याकडे एक बाई होत्या, घरी गेल्यावर स्वयंपाकच करेनात. मुलगा म्हणाला गोळ्यांनी हात गेले. सूनबाईंनी गॅस उंच ओट्यावर नेला होता, आणि बाईंना आयुष्यभर बसून चुलीपाशी रांधायची सवय.

तुमची आई आहे का? तिला विचारा, ओव्या नेमक्या कधी थांबल्या. कशामुळे ते विचारू नका, कधी ते विचारा.

बेलापूरची, सोमवार, रात्री १०.०५

माझ्या तीन कादंबऱ्या प्रसिद्ध आहेत, चौथी दोन वर्षं अडलीये, त्यामुळे हे सगळं पोटतिडकीने वाचलं. आजारातलं मला कळत नाही. सिस्टरांचं ऐका. आराखड्याबद्दल मात्र बोलेन.

आराखडा आधीच काढायचा असतो हे तुम्हाला यंत्रांनी शिकवलं. कादंबरीत तसं काही बंधन नाही. फॉकनर यांनी एका कादंबरीचा आराखडा वारांप्रमाणे आपल्या खोलीच्या भिंतीवरच लिहून काढला. मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डच्या त्यांच्या घरात ती भिंत आजही बघायला मिळते. नाबोकोव कार्डांवर लिहायचे, मधलं कुठलंही कार्ड आधी, आणि पत्त्यांसारखी जागा बदलत. मी स्वतः पहिला खर्डा आंधळेपणाने लिहिते. मग एकेका प्रसंगाला एक कार्ड: कोण आहे, त्याला काय हवंय, प्रसंग संपताना काय बदललं. काहीच बदललं नसेल तर तो प्रसंग कितीही सुंदर असो, बाजूला. कार्डं गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी लावते. पावसाळ्यात स्वयंपाकघरात. दोरीवर एक गोष्ट कळते जी वहीत कळत नाही: कुठे चार कार्डं ओळीने एकाच माणसाची आलीत, आणि कुठे एक माणूस तीन हात लांबपर्यंत दिसतच नाही.

पण तुमचा घोळ तिथे नाहीये. तुम्ही स्वतःच लिहिलंय की एका चौकोनापाशी हात थांबतो. "आत्याला वेड लागते." तो प्रसंगच नाही, म्हणून तो तुम्हाला लिहिता येत नाही. अमुक मंगळवारी सकाळी वेड लागलं असं कुणाचं होत नाही. शिवाय आपल्या भाषेत हा शब्द किती ठिकाणी वावरतो बघा. विठ्ठलाचं वेड लागतं ते भाग्याचं, पोराला लाडाने वेडा म्हणतो, आणि त्याच शब्दाने माणसाला घराबाहेर काढतो. म्हणून तो दिवस शोधायचं सोडा. त्याऐवजी हे शोधा: तुमच्या घरात "वेडी" हा शब्द आत्यासाठी पहिल्यांदा कोण बोललं, कुणाला, कुठे उभं राहून, कसल्या नडीने. तो प्रसंग आहे. त्यात माणसं आहेत, जागा आहे, आणि तो बोलून झाल्यावर काहीतरी बदललेलं आहे.

निशाचर, तुम्हालाही एक सांगते, रागावू नका. एका रात्रीत आलेली कविता मीही अनुभवलीये. पण साडेतीनशे पानं उभी करायची तर रोज सकाळी उठून त्याच माणसांना भेटावं लागतं, आणि त्यासाठी आदली रात्र झोपलेली असावी लागते.

निशाचर, सोमवार, रात्री ११.२०

डॉक्टरांबद्दलचं वाक्य मी लिहायला नको होतं. दादा, गोळी चालू ठेवा. माझ्या बोलण्यावरून काही करू नका.

टी-स्क्वेअर (ठाणे), पुढच्या आठवड्यातला बुधवार, रात्री ९.१०

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, कारण सांगण्याजोगं काही हाती आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

सिस्टर, फोन केला. पातळी तपासली, मात्रा थोडी कमी केली. कंप आहे, पण काल चहाचा कप एका हाताने धरला. पाण्याची बाटली टेबलावर ठेवतो, बायको मोजते.

वाशी पूल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेवीस. शनिवारी तलावपाळीवर बसून एकशे चाळीस पानं पहिल्यापासून वाचली. पहिली चाळीस वाचताना घशाशी आलं, इतकी ती माझी होती. पुढे तेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत पानोपान येत राहतं. एक पान तर नुसतं गाडीच्या डब्यांचं वर्णन आहे, बारा डबे, बाराही. टिकली ती तेवीस. ती खरी आहेत, ती मी टाकणार नाही. पण त्यांतली बरीचशी वाक्यं माझ्या पाच वर्षांपूर्वीच्या वह्यांमध्येही सापडली, जवळजवळ जशीच्या तशी, रात्रीची झोप झालेल्या माणसाने लिहिलेली. हे मला माहीतच नव्हतं.

आता आईचं. आई एक्क्याऐंशीची आहे. रविवारी दुपारी तिच्या शेजारी शेंगा सोलत बसलो आणि सिस्टरांनी सांगितलं तसं फक्त "कधी" विचारलं. ती लगेच म्हणाली, "जातं गेलं तेव्हा." म्हटलं, जातं कधी गेलं? तर आत्या रुग्णालयात असतानाच. १९८२ मध्ये आम्ही चाळीतून दुसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये आलो. नव्या जागेत खालच्यांना आवाज जाईल म्हणून जातं आणलंच नाही, कुणाला तरी देऊन टाकलं. आत्या परत आली ती बिनजात्याच्या घरात. दळण गिरणीतून यायचं, ते आणायला मी जायचो. आई म्हणाली, "जात्याशिवाय ओवी कशी म्हणायची रे? हाताला फिरायला काही नको?" आणि मग, जरा वेळाने, "पाणी भरताना काहीतरी पुटपुटायची. नळाच्या आवाजात मला शब्द लागायचे नाहीत. मी विचारलं पण नाही कधी."

बाबांनी तीस वर्षं गोळ्यांना दोष दिला आणि मी तो जसाच्या तसा उचलला.

बेलापूरच्या ताई, तुमचा प्रश्न विचारायला मला तीन दिवस धीर झाला नाही. काल विचारला. आईने शेंगांचं ताट खाली ठेवलं. म्हणाली, "मीच." आत्या रात्री जातं ओढायची, झोप लागायची नाही तिला. चाळीत तक्रारी यायला लागल्या. एका सकाळी जिन्यात शेजारणीने अडवलं, आईच्या हातात दोन बादल्या होत्या, पाण्याची वेळ जात होती. भांडण टळावं म्हणून ती बोलून गेली, "काय करू हो, वेडी आहे ती." शेजारीण गप्प झाली आणि वाट सोडली. त्यानंतर तक्रार कुणी केली नाही, आणि आत्याशी कुणी बोललंही नाही. आई म्हणाली, "इतकं सोपं काम झालं त्या एका शब्दाने. मग मी तो परत परत वापरला." हे सांगताना ती रडली नाही. मी रडलो.

आमच्या धंद्यात एक ड्रॉइंग असतं, ॲज-बिल्ट. प्रत्यक्ष बांधलं ते मूळ ड्रॉइंगप्रमाणे क्वचितच होतं. पाइप चार इंच सरकतो, मध्ये खांब येतो. म्हणून काम उभं राहिल्यावर टेप घेऊन जायचं, जे आहे ते मोजायचं आणि त्याचं ड्रॉइंग काढायचं. पुढची सगळी दुरुस्ती त्याच्यावरून होते, जीएकडे कुणी बघत नाही. अशी शेकडो काढलीत मी आणि सहा वर्षांत ते इकडे सुचलं नाही. भिंतीवरचं ए-वन शीट उतरवलं. तेवीस पानं आणि जुन्या वह्या मिळून सतरा कार्डं झाली, ताईंच्या सांगण्याप्रमाणे दोरीवर लावली. जिन्याचं कार्ड पहिलं. "आत्याला वेड लागते" असं कार्ड कुठेच नाही. आईला तीन हात लांबपर्यंत जागा नव्हती, ते दोरीवर बघितल्यावर लख्ख दिसलं.

काल रात्री अकरा ते साडेबारा दोन पानं लिहिली आणि झोपलो. सकाळी वाचली. जिन्यातल्या बादल्यांची.

जातं कुणाला दिलं तेही आईने आठवून सांगितलं. कोपरीतच, जुन्या चाळीच्या मागच्या गल्लीत एक घर आहे. ती माणसं अजून तिथेच राहतात म्हणे. रविवारी आईला घेऊन जाणार आहे. अठरावं कार्ड कोरं लावून ठेवलंय.